सीझेड ७५ : मालकांनी पारखलेले पिस्तूल

चेक प्रजासत्ताकातल्या मोराविया प्रांतात उहेर्स्की ब्रोद हे छोटे शहर आहे. जर्मनीच्या सीमेपासून दूर असलेली सुरक्षित जागा म्हणून १९३६ साली तिथे शस्त्रनिर्मितीचा कारखाना उभा राहिला. चेस्का झ्ब्रोयोव्का हे त्याचे नाव, पण जगभरचे नेमबाज त्याला सीझेड या आद्याक्षरांनीच ओळखतात. फ्रांतिशेक कोउत्स्की या अनुभवी शस्त्ररचनाकाराने याच कारखान्यासाठी एक नवे अर्धस्वयंचलित पिस्तूल घडवले आणि १९७५ मध्ये ते जगापुढे आले. त्या वर्षावरूनच त्याचे नाव पडले, सीझेड ७५.

या पिस्तुलाचे नशीब काहीसे वेगळे होते. ते ९ बाय १९ मिलिमीटरच्या पाश्चात्त्य काडतुसासाठी बनवलेले होते आणि वॉर्सा करारातल्या, म्हणजे सोव्हिएत गटातल्या देशांचे प्रमाणित पिस्तूल-काडतूस निराळे होते, त्यामुळे खुद्द चेकोस्लोव्हाक सैन्याने ते स्वीकारले नाही. परकीय चलन मिळवण्यासाठी ते निर्यात झाले. पश्चिम जर्मनीत आणि कॅनडात त्याला गिऱ्हाईक मिळाले. अमेरिकेत मात्र साम्यवादी देशांच्या मालावरील जबर आयातशुल्कामुळे ते दुर्मीळ आणि महाग राहिले. एखाद्या मोठ्या सैन्याने वापरले म्हणून मिळणारी प्रतिष्ठा त्याच्या वाट्याला आली नाही. त्याचा लौकिक ज्यांनी पदरचे पैसे मोजून ते विकत घेतले त्यांनी घडवला, आणि म्हणूनच त्या मालकांचे म्हणणे बारकाईने ऐकण्यासारखे आहे.

बहुतेक मालक सुरुवात मुठीपासून करतात. मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, पंधरा काडतुसे दोन ओळींत बसत असूनही मूठ जाड वाटत नाही, आणि तिच्या मागच्या बाजूची खोलगट वळणे तळहातात नीट बसतात. सुमारे एक किलो वजनाचे हे पोलादी पिस्तूल गोळी सुटताना फारसे उसळत नाही, असे सांगणारे अनेक जण भेटतात. त्याचे कारण केवळ वजनात नाही. बहुतेक पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, फ्रेमच्या, म्हणजे मूठ असलेल्या खालच्या सांगाड्याच्या, बाहेरून सरकते; इथे ती फ्रेमच्या आतल्या खाचांतून सरकते, जशी ती सिग पी२१० या स्विस पिस्तुलातही सरकते. त्यामुळे नळी हाताच्या जवळ, खाली राहते आणि स्लाइडला लांबलचक आधार मिळतो. अचूकतेविषयी मालक समाधानी असतात त्यामागे या रचनेचा वाटा आहे, असे मानायला जागा आहे.

याच रचनेतून एक कायमची तक्रारही निघते. स्लाइडचा फार थोडा भाग बाहेर राहत असल्याने ती मागे खेचायला बोटांना पुरेशी पकड मिळत नाही. हात घामेजलेले असतील किंवा बोटांत जोर कमी असेल, तर हा त्रास खरा असतो आणि सरावाने तो कमी झाला तरी पूर्ण जात नाही. दुसरी अडचण घोड्याची, म्हणजे चाप दाबल्यावर आदळून गोळी उडवणाऱ्या मागच्या हातोडीची. मूळ रचनेत घोडा सुरक्षितपणे उतरवणारी वेगळी कळ नाही. भरलेल्या पिस्तुलाचा घोडा अंगठ्याने धरून, चाप दाबून, हळूहळू खाली आणावा लागतो. पुष्कळ मालक हे करायचेच टाळतात आणि घोडा चढलेला ठेवून सुरक्षा-कळ लावतात, जी सोय या पिस्तुलात मुद्दाम दिलेली आहे. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी कारखान्याने पुढे घोडा उतरवण्याची कळ असलेली आवृत्ती काढली.

घडणीच्या दर्जाविषयी मते विभागलेली आहेत. बाहेरून काळा रंगथर जाड आणि टिकाऊ असतो, पण पिस्तूल उघडले की आत यंत्रकामाचे ओरखडे दिसतात. महागड्या पिस्तुलांची सवय असलेल्या मालकाला ते खटकतात. काही काळ वापरलेल्या पिस्तुलाचा चाप नव्यापेक्षा मऊ चालतो, हे मात्र दोन्ही पक्ष मान्य करतात, कारण आतले भाग एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात.

विश्वासार्हतेचा प्रश्न याहून खोल आहे, आणि तो समजण्यासाठी आत काय घडते ते पाहावे लागेल. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत थोडे अंतर मागे जातात. मग नळीखालची तिरकी खाच स्लाइड-स्टॉपच्या, म्हणजे स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या कळीच्या, आडव्या दांड्यावर येते, नळीचे मागचे टोक खाली ओढले जाते आणि स्लाइड सुटी होऊन एकटीच मागे जाते. रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि परतताना स्लाइड मॅगझीनमधले पुढचे काडतूस नळीत ढकलते. म्हणजे प्रत्येक गोळीचा हिसका त्या एका दांड्याला सोसावा लागतो. हजारो गोळ्या झाडलेले स्पर्धक हा भाग कधी ना कधी तुटणारच असे गृहीत धरतात आणि पेटीत एक जादा ठेवतात. चाप परत पुढे आणणारी बारीक स्प्रिंगही अशीच अचानक तुटते, विशेषतः घरी रिकाम्या पिस्तुलाने भरपूर सराव करणाऱ्यांची. अशा सरावाचा मार फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी सळई, जागेवर धरणाऱ्या खिळीलाही बसतो, म्हणून अनुभवी मालक डमी काडतुसे वापरण्याचा आग्रह धरतात.

काडतूस अडकण्याच्या तक्रारींत पिस्तुलाचा दोष प्रत्येक वेळी असतोच असे नाही. कारखान्यात भरलेली प्रमाणित काडतुसे सहसा बिनतक्रार चालतात. पण पैसे वाचवण्यासाठी घरी काडतुसे भरणारा नेमबाज गोळी जरा बाहेर ठेवतो आणि ती नळीतल्या पेचांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार कडांना, जाऊन टेकते, कारण सीझेडच्या नळीत काडतुसाच्या पुढची मोकळी जागा कमी असते. स्लाइड पूर्ण मिटत नाही आणि पिस्तुलावर ठपका येतो. मॅगझीनचेही तसेच. इटलीच्या मेक-गारने बनवलेल्या मॅगझीनविषयी मालक निर्धास्त असतात. स्वस्त नकलांविषयी ते तितक्याच ठामपणे सावध करतात. रिकामे मॅगझीन आपोआप खाली पडत नाही ही जुनी तक्रार मात्र रचनेतूनच आली आहे. त्याला अडवून धरणारी पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली होती, आणि स्पर्धक ती सरळ करून घेतात.

१९९० च्या दशकात आलेल्या ७५ बी या आवृत्तीत चाप दाबल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊ नये असा अडसर घातला गेला. पिस्तूल हातातून पडले तरी गोळी सुटू नये, यासाठी हा बदल गरजेचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. चाप त्यामुळे किंचित खरखरीत झाला, अशी मालकांची नाराजी आहे. स्पर्धेसाठीच्या शॅडो मालिकेत हा अडसर काढून टाकला, आणि २०१६ साली आलेले शॅडो २ आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांतल्या प्रॉडक्शन गटात नेहमी दिसणारे पिस्तूल ठरले.

मराठी वाचकांसाठी एक खुलासा हवा. भारतात ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या बंदी असलेल्या मापात, मोडते आणि सामान्य परवान्यावर ते ठेवता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यात .२२ ची पिस्तुले वापरली जातात.

मालकांच्या मतांकडे पाहताना मी एक प्रश्न आधी विचारतो, की या माणसाने किती गोळ्या झाडल्या आहेत? १९७० च्या दशकातली, स्लाइडसाठी आखूड खाचा असलेली सुरुवातीची सीझेड ७५ आज संग्राहक जपून ठेवतात. तिची घडण आणि चकाकी यांचे ते भरभरून वर्णन करतात, पण सुटे भाग मिळणे कठीण म्हणून ती फारशी चालवत नाहीत. ती किती टिकते हे त्यांच्याकडून कळणे अवघड आहे. ते कळते रंग उडालेल्या, स्प्रिंगा अनेकदा बदललेल्या पिस्तुलाच्या मालकाकडून. जुने पिस्तूल विकत घेताना तो आधी स्लाइड-स्टॉप काढून त्याच्या दांड्यावर तडा शोधतो, खाचांची झीज बघतो, स्लाइडला पुढे परत आणणारी रिकॉइल स्प्रिंग नवी बसवतो आणि मगच त्याच्या दर्जाविषयी बोलतो.