हिरोशिमाच्या नोंदवह्या

नोंदवह्यांची पाने उलटणारे पांढरे हातमोजे हिरोशिमा महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांचे आहेत. मे महिन्यात, पावसाची दमट हवा सुरू होण्याआधी, शांतता स्मारक उद्यानातील कमानीखालची दगडी पेटी उघडली जाते आणि तिच्यातील, अणुबाँबने बळी घेतलेल्यांच्या नावांच्या नोंदवह्या पांढऱ्या कापडावर मांडून, पानन्‌पान उलटून, त्यांना हवा दाखवली जाते. आपल्याकडे जुन्या पोथ्यांना ऊन दाखवतात, त्याच जातीचे हे काम आहे. मात्र या वह्यांत नावांखेरीज फारसे काही नाही.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अमेरिकेने टाकलेला अणुबाँब शहराच्या डोक्यावर सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, आणि त्या वर्षाअखेरपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसे मरण पावली. वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी रचलेले हे स्मारक १९५२ मध्ये उभे राहिले, तेव्हा पेटीत सुमारे ५८ हजार नावे होती. २०२५ मध्ये ती ३ लाख ४९ हजार २४६ झाली. बाँबमधून वाचलेले आणि पुढे कधीही वारलेले लोकही, राष्ट्रीयत्वाचा भेद न करता, या यादीत येतात. गेल्या वर्षभरातली नवी नावे दर उन्हाळ्यात कुंचल्याने, हाताने लिहिली जातात.

६ ऑगस्टला सकाळी ८ वाजता सोहळा सुरू होतो तो नव्या नावांच्या वह्या पेटीत ठेवून. मृतांना पाणीही अर्पण केले जाते, कारण भाजलेली माणसे पाणी मागता मागताच गेली, आणि हे शहर ती हाक विसरलेले नाही. ८ वाजून १५ मिनिटांनी मृतांच्या नातेवाइकांचा आणि मुलांचा प्रतिनिधी मिळून घंटेवर टोल देतात, आणि हजारोंच्या त्या जमावात मिनिटभर कोणी बोलत नाही. महापौरांचे आणि पंतप्रधानांचे भाषण त्यानंतरचे.

हा सोहळा आज जितका ठरीव वाटतो तितका तो नेहमी नव्हता. महापौर शिन्झो हामाई यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये पहिला शांतता महोत्सव भरला, पण १९५० मध्ये, कोरियात युद्ध पेटलेले असताना आणि जपानवर परकीय लष्कराचा अंमल असताना, तो होऊच शकला नाही. शांततेची सभा भरवायलाही परवानगी लागते, हे या शहराने इतक्या लवकर पाहिले.

कमानीखालच्या दगडावर एकच वाक्य कोरले आहे: ‘शांतपणे विसावा घ्या, चूक पुन्हा होऊ देणार नाही.’ कोण होऊ देणार नाही, हे त्यात नाही. मूळ जपानी वाक्याला कर्ता नाही, आणि मराठीलाही तो गाळता येतो, म्हणून आपल्याला त्याची खोच चटकन कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातील भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल १९५२ मध्ये येथे आले, तेव्हा त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला: बाँब जपान्यांनी टाकलेला नाही, मग चूक कोणाची? वाक्याचे लेखक, प्राध्यापक तादायोशी साइका यांचे म्हणणे असे की येथे बोलणारा हिरोशिमाचा नागरिक असला तरी तो जगाचाही नागरिक आहे. वाद मात्र मिटला नाही. पुढे वाक्याचा अर्थ सांगणारा फलक लावण्याची वेळ महापालिकेवर आली. पाल यांचा आक्षेप रास्त होता, असे आम्हाला वाटते, आणि तरीही कर्ता न लिहिणे हेच त्या वाक्याचे बळ आहे.

कर्त्याच्या या मोकळ्या जागेचा लाभ राजकारणही घेते. महापौर आपल्या शांतता घोषणेत अण्वस्त्रबंदी करारात सामील होण्याची मागणी जपान सरकारकडे करतात. त्याच व्यासपीठावर थोड्या वेळाने पंतप्रधान बोलतात, आणि जपानने त्या करारावर अद्याप सही केलेली नाही.

संध्याकाळी मोतोयासू नदीत कागदी दिवे सोडले जातात. तोवर पेटीचे झाकण बंद झालेले असते. तिच्यातल्या एका वहीत एकही नाव नाही; ‘नावे अज्ञात, संख्या अनेक’ एवढाच मजकूर आहे आणि पुढची पाने कोरी आहेत. मे महिन्यात हवा दाखवताना हातमोजे घातलेले ते हात त्या कोऱ्या पानांवरूनही फिरतात.