ओसरीवरचा मेजर आणि आगगाडीतला वक्ता

(दृश्य : जुनी मूक फीत. घरापुढची हिरवळ. काळ्या कोटातला एक माणूस सावकाश कॅमेऱ्याच्या दिशेने येतोय.)

हे विल्यम मॅकिन्ली, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतले रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार. साल १८९६, गाव कँटन, राज्य ओहायो. शेजारी त्यांचा सचिव आहे. फीत मिनिटभराचीही नाही, आणि तिच्यात हा माणूस चालण्यापलीकडे फारसं काही करतही नाही. तरीही १२ ऑक्टोबरच्या रात्री न्यूयॉर्कच्या ऑलिंपिया नाट्यगृहात ती दाखवली, तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्षपदाचा उमेदवार पडद्यावर हलताना दिसणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. आपल्याकडे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिली चलच्चित्रं दाखवली गेली तीही त्याच वर्षी, ७ जुलैला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ जुलैला, शिकागोच्या कोलिझियममध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात एक तरुण वकील बोलायला उभा राहिला. विल्यम जेनिंग्ज ब्रायन, वय ३६. अध्यक्ष व्हायला किमान ३५ वर्षं पूर्ण असावी लागतात, म्हणजे जेमतेम पात्र. ध्वनिक्षेपक नव्हता, तरी त्या अवाढव्य सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत त्यांचा शब्द न् शब्द ऐकू जात होता. मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, असं म्हणत त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि तसेच थांबले. काही क्षण सभागृह सुन्न. मग जो गदारोळ उसळला तो आवरेना. हे भाषण आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. क्रुसाचं ते वाक्य ब्रायन यांनी दीड वर्षापूर्वीच संसदेत वापरून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत पक्षाची उमेदवारी त्यांच्या पदरात पडली.

(दृश्य : चांदीचा डॉलर, शेजारी सोन्याचं नाणं.)

भांडण होतं डॉलर कशाचा असावा यावरून. एकट्या सोन्याचा, की सोन्याच्या जोडीला चांदीचाही? आज हा प्रश्न नाणकशास्त्राचा वाटेल, पण तेव्हा तो भाकरीचा होता.

नेब्रास्कातल्या एखाद्या शेतकऱ्याचा हिशेब मांडून बघू. जमीन गहाण टाकून त्याने हजार डॉलर कर्ज काढलं, तेव्हा गहू बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोंना, एक डॉलर होता. हजार बुशेल विकले की मुद्दल फिटणार. १८९४ पर्यंत तोच गहू पन्नास सेंटांच्या आसपास आला. कागदावर कर्ज हजाराचंच राहिलं, पण ते फेडायला आता दोन हजार बुशेल पिकवायला हवेत. त्याने उधळपट्टी केली नव्हती, पीकही बुडालं नव्हतं. डॉलर महाग झाला होता. सोनं मोजकं आणि देश वाढता, त्यामुळे प्रत्येक डॉलरमागे माल जास्त द्यावा लागत होता. सावकाराचा यात फायदा, ऋणकोचं मरण.

ब्रायन यांचा उपाय असा, की चांदीची टांकसाळ सगळ्यांना खुली करा. सोळा औंस चांदी म्हणजे एक औंस सोनं, हा भाव कायद्याने ठरवा. कुणीही चांदी आणावी आणि डॉलर पाडून घ्यावेत. बाजारात पैसा वाढेल, भाव चढतील, कर्जं हलकी होतील. अडचण एवढीच, की बाजारात एक औंस सोन्याला तेव्हा तीसेक औंस चांदी मिळत होती. म्हणून विरोधक या नाण्याला ‘त्रेपन्न सेंटांचा डॉलर’ म्हणत.

(दृश्य : मुंबईची टांकसाळ, आजचं चित्रण.)

चांदी इतकी पडली कशी, याचा एक धागा थेट या इमारतीपर्यंत येतो. मुंबईच्या कोट भागात, रिझर्व्ह बँकेसमोर आजही उभी असलेली ही टांकसाळ. इथे आणि कलकत्त्याला तोवर कुणीही चांदी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. पण भारत सरकारला लंडनला दरसाल मोठ्या रकमा सोन्याच्या पौंडांत भराव्या लागत, आणि चांदीबरोबर रुपयाही घसरत चालला होता. २६ जून १८९३ रोजी सरकारने दोन्ही टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. जगातलं चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक एका दिवसात बाजारातून उठलं. भाव कोसळला, कोलोरॅडोतल्या खाणी धडाधड बंद पडल्या, खाणकामगार रस्त्यावर आले. अमेरिकेत त्या वर्षी आधीच बँका बुडत होत्या, त्यात ही भर. तीन वर्षांनी कोलोरॅडोने ८४ टक्क्यांहून अधिक मतं ब्रायन यांच्या पारड्यात टाकली, त्यामागे ही हकिकत आहे.

(दृश्य : दोन्ही उमेदवारांची छायाचित्रं.)

आता ही दोन माणसं पाहू. मॅकिन्ली ५३ वर्षांचे. यादवी युद्धात साधा शिपाई म्हणून भरती झाले आणि मेजर होऊन बाहेर पडले. लोक पुढेही त्यांना मेजरच म्हणत. अँटिएटमच्या लढाईत गोळीबार चालू असताना त्यांनी गाडीतून पुढच्या फळीतल्या सैनिकांना गरम कॉफी आणि जेवण पोचवलं होतं. संसदेत परदेशी मालावर जबर जकात बसवणारा १८९० चा कायदा त्यांच्या नावाने ओळखला जातो. ओहायोचे ते गव्हर्नर झाले. मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे १८९३ मध्ये ते स्वतः बुडायच्या बेतात होते, तेव्हा श्रीमंत स्नेह्यांनी वर्गणी काढून त्यांना सोडवलं. घरी दोन्ही मुली लहानपणीच गेलेल्या, पत्नी आयडा यांना फेफऱ्याचा आजार. मॅकिन्ली त्यांना फार जपत.

ब्रायन यांची कारकीर्द म्हणजे लिंकन शहरातली वकिली आणि संसदेतली चार वर्षं. पण कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मनातलं बोलणारा असा माणूस तोवर कुठल्याच मोठ्या पक्षाने दिला नव्हता. शहरं जाळून टाका आणि शेती राखा, शहरं पुन्हा उभी राहतील. पण शेती मोडाल तर देशातल्या प्रत्येक शहराच्या रस्त्यांत गवत उगवेल, असं ते शिकागोत म्हणाले होते.

एक गोष्ट या तुलनेत सहसा निसटते. मॅकिन्ली हे काही जन्मजात सोनेवाले नव्हते. तरुणपणी संसदेत त्यांनी चांदीच्या बाजूने मत दिलं होतं आणि ही निवडणूक त्यांना जकातीच्या प्रश्नावर लढवायची होती. सोनं-चांदी हा विषय ब्रायन यांनी त्यांच्यापुढे आणून ठेवला. एकदा तो आल्यावर मात्र मॅकिन्ली आणि त्यांचे सूत्रधार मार्क हॅना यांनी तो असा काही हाताळला, की प्रचाराची रीतच बदलली.

(दृश्य : कँटनचं घर, माणसांनी भरलेलं अंगण, मोडलेलं कुंपण.)

मॅकिन्ली घर सोडून गेले नाहीत. ब्रायनशी भाषणात बरोबरी करायला जाणं म्हणजे अंगणात झोपाळा बांधून कसलेल्या कसरतपटूशी सामना करण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं. मग देशच त्यांच्या ओसरीवर आणला गेला. रेल्वे कंपन्यांनी भाडी इतकी उतरवली, की घरी बसण्यापेक्षा कँटनला जाणं स्वस्त, असं लोक म्हणू लागले. स्टेशनवर गाडी लागली की बँड आणि घोडेस्वार स्वागताला हजर. पोलादाच्या गिरणीतले कामगार, शेतकरी, माजी सैनिक, फिरते विक्रेते, सगळे मिरवत घरापाशी यायचे. त्यांचा म्होरक्या भाषण वाचून दाखवायचा. ते भाषण आधीच मागवून तपासलेलं असायचं. कुणी भलतं काही बोलून जाऊ नये, याची पक्की तजवीज. मग मेजर पुढे येऊन त्या मंडळींना लागू पडेल असं नेमकं, तयार उत्तर द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत जसंच्या तसं छापून यायचं. मोसम संपेपर्यंत साडेसात लाखांच्या आसपास माणसं त्या अंगणात येऊन गेली. हिरवळ नाहीशी झाली. आठवण म्हणून लोकांनी कुंपणाच्या फळ्यासुद्धा काढून नेल्या.

(दृश्य : वाफेचं इंजिन, गाडीच्या मागच्या टोकाभोवती जमलेली गर्दी.)

तिकडे ब्रायन गाडीत. २७ राज्यं, १८,००० मैल, सहाशेच्या घरात भाषणं. सुरुवातीला तर साध्या पॅसेंजर गाडीने, स्वतःची बॅग स्वतः उचलत. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने असं दारोदार मत मागत हिंडणं तोवर अप्रतिष्ठेचं मानलं जाई. ब्रायन यांनी ते केलं, आणि माझ्या मते लोकशाहीला त्यांनी दिलेली ही मोठी देणगी आहे. मत मागणाऱ्याने मतदाराच्या गावी जावं, यात अप्रतिष्ठा कसली?

पैसा मात्र एकाच बाजूला होता. हॅना यांनी बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का अशी जवळजवळ पट्टीच बसवली. स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीने एकटीने अडीच लाख डॉलर दिले. रिपब्लिकन पक्षाचा नोंदलेला खर्च ३५ लाख डॉलरपर्यंत गेला, आणि ब्रायन यांच्याकडे त्याचा लहानसा अंश होता. मत देणारे सुमारे एक कोटी चाळीस लाख, आणि रिपब्लिकन पत्रकं वीस कोटींवर. जर्मन, स्वीडिश, यिडिश, ज्याला जी भाषा कळेल त्या भाषेत. शहरांतली बहुतेक बडी वर्तमानपत्रंही ब्रायन यांच्या विरोधात. ब्रायन यांचं डोकं ठिकाणावर आहे का, या प्रश्नाची चर्चा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने गंभीरपणे छापली. कित्येक कारखान्यांत मालकांनी बजावलं, की ब्रायन निवडून आले तर बुधवारी, म्हणजे मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, कामावर येऊ नका. असा धाक घालणं हा मतदाराचा अपमान होता.

तरी ब्रायन केवळ पैशाने आणि धाकाने हरले, असं मला वाटत नाही. गिरणी कामगाराला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. शेतकऱ्याला भाव चढायला हवे होते. पण ज्याला ठरलेला पगार मिळतो आणि पाव विकत घ्यावा लागतो, त्याच्यासाठी चढलेला भाव म्हणजे कापलेला पगार. मॅकिन्ली त्याला सांगत होते, की जकात लावू, कारखाने चालू राहतील, मजुरी खणखणीत डॉलरमध्ये मिळेल. ब्रायन यांनी तर न्यूयॉर्ककडे निघताना त्या भागाला ‘शत्रूचा मुलुख’ म्हटलं. १२ ऑगस्टला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, जीवघेण्या उकाड्यात, त्यांनी लांबलचक भाषण कागदावरून वाचलं आणि माणसं मधूनच उठून गेली. पूर्वेकडच्या कामगाराला त्यांची भाषा परकीच राहिली.

आणि मग गव्हाचा भाव चढला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या देशांतलं पीक बुडाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, त्यांत भारताची बातमी होती. १८९६ चा पाऊस आपल्याकडे वेळेआधीच गेला. दख्खनपासून मध्य प्रांतापर्यंत आणि वर उत्तरेत दुष्काळ पडला. पुण्यात टिळक आणि सार्वजनिक सभा शेतकऱ्यांना समजावत होते, की पीक बुडालं असेल तर सारा माफ करून घेणं हा तुमचा हक्क आहे. त्याच आठवड्यांत आयोवा आणि मिनेसोटातल्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे जास्त पडत होते. सोन्याच्या डॉलरखाली भाव चढूच शकत नाही, हे ब्रायन यांचं म्हणणं ऐन मतदानाच्या तोंडावर त्याला खोटं वाटू लागलं. इकडच्या उपासमारीचा तिकडच्या मतपेटीवर पडलेला हा ठसा अमेरिकेच्या इतिहासात एखाद्या ओळीत उरकतात. मला ती ओळ वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

(दृश्य : ३ नोव्हेंबर १८९६, निकालाचा नकाशा.)

जवळजवळ ७९ टक्के मतदान झालं. मॅकिन्ली यांना ७१ लाख, ब्रायन यांना ६५ लाख. निकाल ठरतो तो निर्वाचक मतांवर, म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या मतांवर. ती २७१ विरुद्ध १७६. दक्षिण आणि पश्चिमेचा बराचसा भाग ब्रायन यांचा. ईशान्य, मोठ्या सरोवरांभोवतीची औद्योगिक राज्यं आणि आयोवा, मिनेसोटाही मॅकिन्ली यांची.

या आकड्यांत कोण नाही, तेही पाहायला हवं. बायकांना मताचा अधिकार फक्त वायोमिंग, कोलोरॅडो आणि युटामध्ये होता. मिसिसिपीने १८९० मध्ये आणि दक्षिण कॅरोलायनाने १८९५ मध्ये नवी घटना करून कृष्णवर्णीयांचं मत जवळपास पुसून टाकलं होतं. १८ मे १८९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. गरिबांचा कैवार घेणारे ब्रायन यावर गप्प राहिले. त्यांच्या पक्षाचा पाया त्याच दक्षिणेत होता.

चांदीचा प्रश्न पुढे सोन्यानेच सोडवला. ब्रायन प्रचारात असतानाच, ऑगस्टमध्ये, कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींचं उत्पादन वाढतच होतं. बाजारात पैसा आला, शेतमालाचे भाव सावरले. ब्रायन यांनी मागितलं होतं ते घडलं, पण त्यांच्या उपायाशिवाय. १९०० मध्ये हीच दोन माणसं पुन्हा समोरासमोर आली आणि मॅकिन्ली पुन्हा जिंकले. वर्षभरात बफेलो शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि आठवड्याभराने त्यांचा अंत झाला. ब्रायन १९०६ मध्ये भारतात येऊन गेले आणि इंग्रजी राजवटीवर कडक टीका करणारा लेख त्यांनी लिहिला.

हॅना यांनी घालून दिलेली वर्गणीची पद्धत मात्र चालू राहिली. शेवटी १९०७ मध्ये संसदेने कायदा करून कंपन्यांना देशपातळीवरच्या निवडणुकांत देणग्या द्यायला मनाई केली. तो कायदा आणणारे सिनेटर बेन टिलमन ब्रायन यांच्याच पक्षाचे, दक्षिण कॅरोलायनाचे. कृष्णवर्णीयांचं मत हिरावून घेणारी तिथली १८९५ ची घटना घडवून आणणारे प्रमुख पुढारीही हेच टिलमन.