जडवस्तू संग्रहातला संगणक

श्रोतेहो, नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक आवाज ऐकवते.

(ध्वनी : खटका दाबल्याचा आवाज. खालच्या पट्टीतला लांबट सूर, लगेच वरच्या पट्टीतला छोटा सूर.)

हा एका संगणकाचा जागं होण्याचा आवाज आहे. यंत्राचं नाव बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली ब्रिटिश प्रसारण संस्थेसाठी तयार केलं. लोकांना घरबसल्या संगणक शिकवायचा, दूरचित्रवाणीवर त्याचे धडे दाखवायचे आणि सोबत सराव करायला हे यंत्र, अशी ती योजना होती. स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा याच्या शंभरपट जागा सहज घेतो.

मला तो पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. एका रविवारी सकाळी, फाटक्या पोत्यावर, नळाच्या तोट्या आणि सायकलच्या पायडलांच्या मधोमध. वर काळ्या कळा, त्यांच्यावर दहा लाल कळांची ओळ, आणि ठिपक्यांनी काढलेलं एक घुबड. आपल्याकडे घुबडाला अपशकुनी म्हणतात, पण ते लक्ष्मीचं वाहनही आहे, असं मनाशी म्हणत मी तो उचलून पाहिला. बाजूला तांबड्या ऑइलपेंटने एक आकडा रंगवला होता आणि वर अक्षरं होती : ज. व. सं. शाळेत काम केलेल्यांना लगेच कळेल. जडवस्तू संग्रह. बाकं, घंटा, कपाटं आणि नकाशे ज्या नोंदवहीत चढवतात, त्याच वहीत कुणीतरी हा संगणकही चढवला होता. विक्रेत्याने सहाशे रुपये सांगितले, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या चार कॅसेट वरून तशाच देऊन टाकल्या. त्या कॅसेटसाठीच आज मी तुमच्याशी बोलतेय.

आपल्या शाळेत हे ब्रिटिश यंत्र कुठून आलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशभरातल्या २५० शाळा निवडल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो दिले. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये याच यंत्राची जुळणी 'युनिकॉर्न' या नावाने होऊ लागली. खोलीबाहेर चपला काढून ओळीने आत जायचं, एका यंत्रापुढे चौघांनी बसायचं, असा तो तास ज्यांनी केला, ते आज पन्नाशीच्या आसपास असतील. तुमच्यापैकी काही जण असतीलच.

आता दुरुस्तीचं सांगते, कारण जीव खरा तिथे गुंततो.

जुनं यंत्र घरी आणल्यावर पहिला मोह होतो तो प्लगमध्ये घालून पाहण्याचा. कृपा करून तसं करू नका. त्या काळातल्या वीजपुरवठ्याच्या पेटीत पिवळसर, पारदर्शक आवरणाचे कॅपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारे छोटे भाग, असतात. आत कागद असतो. वर्षांनुवर्षांत आवरणाला बारीक तडे जातात, हवेतला दमटपणा कागदात शिरतो, आणि वीज दिली की काही मिनिटांत फाटकन आवाज होऊन घरभर उग्र धूर पसरतो. कोकणपट्टीच्या हवेत तर हे ठरलेलंच. म्हणून आधी पेटी उघडायची, ते कॅपॅसिटर काढायचे आणि प्लास्टिक फिल्मचे नवे लावायचे. ज्यांना २३० व्होल्टच्या कामाची सवय नाही, त्यांनी हे जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन नवे आणले, कमोडोर ६४ नावाच्या दुसऱ्या यंत्रासाठीही काही सुटे भाग घेतले. त्या यंत्राचं दुखणं याहून वाईट असतं. त्याचा पुरवठा बिघडला की पाचाहून जास्त व्होल्ट आत सोडतो आणि स्मृतीच्या आयसी, म्हणजे चिपा, जाळून टाकतो. तिथे जुना पुरवठा मी वापरतच नाही.

नवे कॅपॅसिटर लावले, इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीजमध्ये बल्ब जोडला आणि खटका दाबला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. म्हणजे शॉर्ट नाही. मग बल्ब काढून सरळ वीज दिली, आणि यंत्र बोललं. पण अर्धंच.

(ध्वनी : खालच्या पट्टीतला सूर, सलग, न थांबता.)

हा खर्जातला सूर सुरूच राहिला. असं का होतं, ते सांगते. या संगणकातली आवाजाची आयसी वीज मिळताच आपणहून गुणगुणायला लागते. तिला गप्प करण्याची आज्ञा रॉममध्ये, म्हणजे कायमच्या स्मृतीच्या आयसीत, लिहिलेली असते. प्रोसेसर जागा झाला, त्याने रॉम वाचली, आयसीला गप्प केलं आणि मग छोटी शिट्टी दिली, तर सगळं ठीक. सूर थांबलाच नाही, तर प्रोसेसर रॉमपर्यंत पोचलेला नाही. मल्टिमीटर लावण्याआधी नुसत्या कानाने निदानाचा निम्मा रस्ता सरतो. त्या दोन सुरांवर माझा जीव आहे, तो यामुळे.

तीन रात्री गेल्या. पाच व्होल्ट बरोबर येत होते. सर्किटवर सोल्डरचा कुठे कच्चा डाग दिसत नव्हता. या यंत्रातल्या महत्त्वाच्या आयसी सॉकेटमध्ये बसवलेल्या आहेत, आणि चाळीस वर्षांत त्यांच्या पायांवर काळसर थर चढला होता. एकेक आयसी उपसायची, पाय खोडरबराने हळूच घासायचे, अल्कोहोलने पुसायचे, परत बसवायची. पहिली आयसी काढताना मी घाई केली, स्क्रूड्रायव्हर तिरका लागला आणि एक पाय तुटून हातात आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी रेझिस्टरची कापलेली तार त्या जागी डाग देऊन जोडली. तिसऱ्या रात्री साडेअकराला खर्जाचा सूर थांबला आणि वरची शिट्टी वाजली. जुन्या टीव्हीच्या एव्ही सॉकेटला तो जोडला होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' उमटलं, खाली 'बेसिक' हे त्याच्या प्रोग्रामच्या भाषेचं नाव, आणि त्याखाली लुकलुकणारी आडवी रेघ. यजमान शेजारच्या खोलीत झोपले होते, त्यांना मी उठवलं.

यंत्राच्या बाहेरच्या पेटीचा मूळचा फिकट रंग पिवळा पडला आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की तो उजळतो, आणि बरेच संग्राहक तसं करतात. मी करणार नाही. त्या पिवळेपणावरच तो तांबडा आकडा आहे, आणि तो आकडा गेला तर हे यंत्र कुणाचं होतं, हेही गेलं. काचेच्या कपाटात बंद ठेवायलाही माझं मन घेत नाही. बंद संगणक म्हणजे नुसतं खोकं.

आता कॅसेट. श्रोतेहो, त्या काळी घरगुती संगणकाचा प्रोग्राम हा चक्क एक आवाज असायचा. संगणकाला कळतात फक्त शून्य आणि एक. बीबीसी मायक्रो शून्यासाठी १२०० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन काढायचा आणि एकासाठी २४०० हर्ट्झची दोन. हे सूर साध्या टेपरेकॉर्डरवर भरायचे आणि परत ऐकवायचे.

(ध्वनी : एकसुरी उंच शिट्टी, मग करकरता खरखराट, काही सेकंद.)

ऐकायला कर्कश आहे खरं. पण आवाज म्हटला की तो आकाशवाणीवरून पाठवता येतोच! नेदरलँड्सच्या नभोवाणीवर तसे कार्यक्रम होत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना समजावी म्हणून तिथे बेसिकोड नावाची सामाईक पद्धत ठरवली गेली. बेलग्रेडच्या रेडिओवर १९८३ पासून झोरान मोडली नावाचे निवेदक गाण्यांच्या मधे श्रोत्यांना सांगत, कॅसेट तयार ठेवा, आता प्रोग्राम लावतो. घराघरांत लोक तो खरखराट टेप करून घेत आणि आपल्या संगणकाला ऐकवत. माझ्यासारखंच कुणी माइकपुढे बसलेलं, आणि त्या आवाजापाठोपाठ हवेतून एक अख्खा प्रोग्राम येतोय! हे वाचलं तेव्हा मला रेडिओचा नव्याने अभिमान वाटला.

माझ्या चार कॅसेटपैकी दोनच वाजवण्याजोग्या होत्या. टेपरेकॉर्डरमधले रबरी पट्टे डांबरासारखे चिकट झाले होते, ते काढून नवे घातले. फीत वाचणाऱ्या हेडचा कोन ठरवणारा बारीक स्क्रू कानाने ऐकत ऐकत फिरवला, आवाज लख्ख होईपर्यंत. पहिली कॅसेट लावली. पडद्यावर आलं, 'सर्चिंग'. मग 'लोडिंग', प्रोग्रामचं नाव, आणि एकेक तुकडा वाचून झाला की वाढत जाणारा आकडा. मध्येच यंत्र अडलं. 'डेटा?' असं विचारलं आणि फीत मागे घ्यायला सांगितलं. सातव्या प्रयत्नात सगळे तुकडे आले.

चालवून पाहण्याआधी मी प्रोग्रामची यादी पडद्यावर काढली. बेसिक भाषेतल्या ओळी, त्यांत रोमन अक्षरांत लिहिलेले शब्द : पावकी, निमकी, दिडकी. कुणा शिक्षकाने किंवा बाईंनी मुलांकडून अपूर्णांकांचे पाढे घोटून घेण्यासाठी हा प्रोग्राम लिहिला होता. केंब्रिजला जन्मलेल्या यंत्राकडून दिडकी!

सुरुवातीच्या दोन ओळी मात्र मला कळेनात. या यंत्रात नवं अक्षर घडवायची सोय आहे. आठ बाय आठ चौकोनांची जाळी, आणि प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक आकडा. चौकोन सगळे रिकामे तर शून्य, आठही भरलेले तर २५५. दोन्ही ओळींत मिळून दोन लगतची अक्षरं घडवली होती, आणि दोन्हीकडे एकाच जागी तोच आकडा होता, २५५. वरच्या भागातली एक ओळ सलग भरलेली, शेजारच्या अक्षराला जाऊन मिळणारी. इंग्रजी अक्षराला असं डोक्यावर काही नसतं. शिरोरेखा होती ती.

मी प्रोग्राम चालवला. पडदा कोरा झाला, आणि वर मधोमध, जरा खडबडीत पण स्पष्ट, 'श्री' उमटला.

वहीचं पहिलं पान लिहिताना आपण लिहितो तसा. देवनागरीचं एकही अक्षर ज्याला येत नव्हतं, त्या यंत्राला कुणीतरी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून, आकडे मोजून, आधी 'श्री' शिकवला आणि मग पाढे. प्रोग्राममध्ये त्या व्यक्तीचं नाव कुठेच नाही. कॅसेटचा आवाज मी आता संगणकावर जसाच्या तसा भरून ठेवला आहे, दोन ठिकाणी.

तुमच्या माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीत अशा कॅसेट असतील, तर गाणं नाही, नुसती खरखर आहे म्हणून त्यांवर दुसरं काही भरू नका. आणि लगेच वाजवूही नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून उजेडात पाहा. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. अशी कॅसेट वेगळ्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा.

माझ्या उरलेल्या दोन कॅसेटना तीच बुरशी आहे. एकीच्या लेबलवर निळ्या शाईत 'सहावी ब' लिहिलंय. पावसाळा सरून हवा कोरडी झाली, की दिवाळीनंतर तिचे स्क्रू उघडणार आहे.

नमस्कार.