साथ आणि खाडा

‘साथीत गोदाम कसं चालवावं’ हा आजचा विषय, आणि अध्यक्षांनी माझी ओळख साथरोगतज्ज्ञ अशी करून दिली. मंडळी, तज्ज्ञ टीव्हीवर असतात. मी कारखान्यांचा डॉक्टर, उभी हयात भिवंडी-तुर्भ्याच्या गोदामांत लोकांचे रक्तदाब मोजत गेली.

गोदाम आणि साथ हे नातं मुंबईला नवं नाही. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या शेजारी. सरकारने गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक आणि समुद्राचं पाणी सोडलं, भिंतींना चुना फासला. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा मजेत! 1898 मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, तर पुढे कित्येक वर्षं कोणी मनावर घेईना. इकडे माणसं गावी पळाली आणि उरलेल्यांना धरून ठेवायला गिरणीमालकांवर रोजच्या रोज पगार वाटायची पाळी आली. एरवी महिन्याचा पगारही हेच लोक अडकवून ठेवत. ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही, कारण प्लेग म्हटलं की रँड, आणि रँड म्हटलं की पुणं. पुणेकर प्लेगसुद्धा आपलाच मानतात. (हशा)

आता 2020. भिवंडीजवळचं एक गोदाम, नाव सांगत नाही, वकील महाग झालेत. भर उन्हात पोरं टेम्पोच्या हौद्यात उभी राहून यायची. गेटवर वॉचमनच्या हातात ती तापाची बंदूक. उन्हाने तापलेल्या कपाळांवर धरली की सगळ्यांनाच ताप! मग वॉचमन त्यांना सावलीत बसवून थोड्या वेळाने पुन्हा बंदूक धरी. आता ती 34 अंश सेल्सिअस दाखवी. खरंच 34 असलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला हवं, याला गाडी भरायला पाठवत. वर रजिस्टरात ‘नॉर्मल’.

एका पिकरचे, म्हणजे ऑर्डरचा माल रॅकवरून काढणाऱ्या पोराचे, डोळे तांबारलेले दिसले. म्हटलं, बाळा, तू आत आलास कसा? म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, गेटच्या आधीच पॅरासिटामॉल घेतली. खाडा पडला तर रोज बुडतो, वर हजेरी बोनस जातो.’’ झालं! बंदूक एका गोळीला हरली. आत चोरीच्या भीतीने मागचं शटर बंद, पंखे फिरतायत ते तीच हवा घुसळत. खोकी मात्र हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुसून चकचकीत. सव्वाशे वर्षांनी पुन्हा कार्बोलिकच की!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे जाहीर केलेला विषय आता सुरू करतो.

कोरोना हवेतून पसरतो, तेव्हा दोन्ही टोकांची शटर उघडी ठेवा, चोरीसाठी जाळी बसवा, वर एक्झॉस्ट लावा. टोळ्या ठरलेल्या ठेवा, म्हणजे एक आजारी पडला तर एक टोळी घरी बसेल, अख्खं गोदाम नाही. दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास सोडा. टेम्पोत माणसं कोंबू नका. हे सगळं कमीजास्त होईलच, मुख्य मुद्दा पैशाचा आहे. ईएसआयसी या कामगार विमा योजनेत आजारपणात मजुरीच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण पहिले दोन दिवस कोरडे! आणि घसा धरल्यावर सुरुवातीच्या दिवसांतच माणूस आजार वाटत फिरतो. ते दोन दिवस गोदामाने भरावेत, सर्टिफिकेट न मागता. काहीजण खोटं बोलतील, बोलू देत. पैसा कुठून म्हणाल, तर 1969 च्या माथाडी कायद्याने मालकाकडून लेव्ही घेऊन मंडळामार्फत हमालांना सवलती द्यायची वाट पाडलेलीच आहे. ठेकेदारामार्फत कामाला येणाऱ्या पोरांना तीच लावा. मे 2020 मध्ये कोरोनामुळे वाशीचं एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं होतं. व्यापारी बसले असतील तर त्यांनी तो तोटा या दोन दिवसांच्या मजुरीशी ताडून बघावा. साथ असेपर्यंत आजारी रजा हजेरीतच धरा, बोनस कापू नका. लसीचं राहिलंच: ती गेटवर, कामाच्या वेळेत द्या, आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर तोही दिवस भरपगारी.