मशीन काढून घेतल्यावर काय उरतं?

(पुण्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

एखादं सॉफ्टवेअर खरोखर नवं आहे, की जुनीच गोष्ट नव्या यंत्रावर जोरात पळते आहे, हे ओळखायचं कसं? मी गाड्यांच्या चाचण्यांसाठी सिम्युलेशनचं, म्हणजे संगणकावर गाडीची हुबेहूब नक्कल करणारं, सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो. माझी कसोटी अशी आहे : त्या सॉफ्टवेअरच्या खालून नवा प्रोसेसर काढून घ्या, ऐसपैस मेमरी काढून घ्या, कंपनीचा पैसा काढून घ्या. मग हातात एखादी कल्पना उरते का ते बघा. उरली, तर ती सॉफ्टवेअरवाल्याची. काहीच उरलं नाही, तर श्रेय चिप बनवणाऱ्याला द्या आणि पुढे चला.

ही कसोटी मी आज ज्या दोन गोष्टींना लावणार आहे, त्यांना आपल्या घरांत ‘टाइमपास’ म्हणतात : रेसिंग गेम आणि अंतराळातल्या टीव्ही मालिका. पालकांना मी आधीच सांगते, मुलांची बाजू घ्यायला मी आलेली नाही. मला या दोन्ही गोष्टी मनापासून आवडतात आणि त्यांनी मला माझं काम शिकवलं, म्हणून बोलते आहे.

इथल्या पस्तिशी-चाळिशीतल्या अनेकांनी ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड’ सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलेलं असणार. मजा होती, वादच नाही. पण माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट त्याच्या बरीच आधी घडली होती. १९८४-८५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो नावाच्या घरगुती संगणकासाठी जेफ क्रॅमंड यांनी ‘रेव्ह्ज’ हा गेम लिहिला. फॉर्म्युला थ्रीची गाडी, सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक. त्या संगणकाची मेमरी होती ३२ केबी. आज तुमच्या फोनमधला एखादा फोटो सहज तीन एमबीचा असतो, म्हणजे त्याच्या जवळपास शंभरपट. त्या ३२ केबीत प्रोग्रॅम, पडद्यावरचं चित्र, ट्रॅकचे चढउतार आणि गाडीचं पदार्थविज्ञान, सगळं बसवायचं होतं. आणि ते बसलं. गाडी खरोखर घसरायची, चाकाखालची पकड सुटायची. तेव्हाच्या बहुतेक गेममध्ये गाडी म्हणजे रस्त्याच्या चित्रावर डावी-उजवीकडे सरकणारं दुसरं चित्र असायचं. क्रॅमंड यांनी आधी गाडी काय करते याचा विचार केला आणि ती दिसते कशी, हे त्यातून येऊ दिलं.

टायरबद्दल थोडं थांबून बोलते, कारण सगळा खेळ तिथंच आहे. वळणावर टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि गाडी प्रत्यक्ष जरा वेगळ्या दिशेला जात असते. हा फरक काही अंशांचाच असतो, पण त्याच्यामुळेच टायर गाडीला आतल्या बाजूला ओढतो. फरक वाढला की ओढ वाढते, एका मर्यादेपर्यंत. त्या पलीकडे तुम्ही स्टिअरिंग आणखी फिरवलंत तर पकड उलट कमी होते. त्यातच ब्रेक दाबून धरलेला असेल तर पुढचं चाक सरळच घसरत जातं, कारण त्याच्याकडे होती तेवढी पकड ब्रेकनं आधीच वापरून टाकलेली असते. घाटात गाडी चालवणाऱ्यांना हे अंगानं कळलेलं असतं. ते गणितात कसं मांडायचं? नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठातले हान्स पासेयका आणि व्होल्वोचे अभियंते यांनी १९८७ मध्ये त्यासाठी एक सूत्र मांडलं. त्रिकोणमितीतल्या साइन आणि आर्कटॅन यांचं ते मिश्रण आहे. त्यातले गुणांक टायरवर प्रत्यक्ष मोजमाप करून ठरवायचे. मूळ सिद्धांतातून ते सूत्र निघत नाही, तरी वक्र अचूक जुळतो, म्हणून त्याचं नावच ‘मॅजिक फॉर्म्युला’ पडलं. वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या एआरएआय या संस्थेचं आवार आहे, पिंपरी-चिंचवड-आकुर्डीला गाड्यांचे कारखाने आहेत. टायरचा हा वक्र ओळखणारी माणसं या शहरात भरपूर भेटतील. त्यांना गाठा आणि बोलतं करा.

१९९८ मध्ये पपायरस या कंपनीनं ‘ग्रां प्री लेजंड्स’ काढला. विषय होता १९६७ चा फॉर्म्युला वनचा हंगाम, जेव्हा गाड्यांना जमिनीकडे दाबून धरणारे पंख नव्हते. तो इतका अवघड होता की पहिल्याच वळणाला गाडी गिरकी घ्यायची. फारसा खपला नाही. तरीही माझ्या मते आजवरचा सगळ्यांत महत्त्वाचा रेसिंग गेम तोच. कारण खेळणाऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यात गाडीच्या वागण्यात काही मऊ केलेलं नाही. त्यामागचे प्रोग्रॅमर डेव्हिड केमर यांनी पुढे ‘आयरेसिंग’ या ऑनलाइन रेसिंग सेवेची उभारणी केली. २००८ मध्ये ती सेवा सुरू झाली आणि आज खरे रेसिंग ड्रायव्हर त्यावर सराव करतात.

याच्या उलट टोकाला एक युक्ती आहे, जी मला अजिबात पटत नाही. तुम्ही फार पुढे गेलात की संगणकाच्या गाड्या गुपचूप जास्त वेगानं पळू लागतात आणि तुम्ही मागे पडलात की त्या रेंगाळतात. घरात चौघांनी मिळून खेळायच्या गेममध्ये हे चालेल. पण जो गेम ‘खऱ्या गाडीचा अनुभव’ म्हणून विकला जातो, त्यात ही खेळणाऱ्याची फसवणूक आहे. चांगलं चालवायला शिकण्याचा उपयोगच त्यात काढून घेतलेला असतो.

आता एक उदाहरण, जे माझ्या कसोटीला सगळ्यांत चांगलं उतरतं. नाडेओ या फ्रेंच कंपनीनं २००३ मध्ये ‘ट्रॅकमेनिया’ आणला. दिसायला पोरखेळ : उड्या, लूप, रंगीत ट्रॅक. पण आत एक कडक शिस्त आहे. गाडीचं गणित काळाच्या ठरावीक तुकड्यांत चालतं, एक तुकडा सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा. तुमचा संगणक जलद असो वा मंद, तुकडा तेवढाच. त्यामुळे त्याच ट्रॅकवर तीच बटणं त्याच क्षणांना दाबली तर गाडी दर वेळी नेमकी त्याच जागी पोचते. याचा परिणाम बघा. अख्ख्या शर्यतीची नोंद ठेवायला गाडी कुठे होती हे लिहून ठेवायची गरजच नाही. कोणतं बटण कधी दाबलं, एवढंच पुरतं. बाकीची शर्यत त्यावरून पुन्हा जशीच्या तशी उभी राहते.

२०२१ मध्ये या नोंदींमुळे एक मोठं प्रकरण उघडकीला आलं. काही नामवंत खेळाडूंच्या जुन्या विक्रमांच्या फाइल तपासल्या, तेव्हा स्टिअरिंगच्या हालचाली माणसाच्या हाताला जमणार नाहीत इतक्या जलद निघाल्या. गेमचा वेग कमी करून, सावकाश खेळून ते विक्रम केले होते. बटणांची नोंद वर्षानुवर्षं तशीच पडून होती, म्हणून हे कळलं. पडद्याचा नुसता व्हिडिओ ठेवला असता तर इतकं बारीक काही दिसलं नसतं.

यात नवा प्रोसेसर लागला का? नाही. लागला तो विचार आणि चिकाटी. दशांशातल्या शेवटच्या घराला एका यंत्रावर वेगळं उत्तर आलं तर मिनिटाभराच्या शर्यतीत ती चूक वाढत वाढत गाडी ट्रॅकच्या बाहेर काढते, म्हणून सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट बघताना नेहमी आढळतं : ‘दर फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) गाडी इतकी पुढे’ असं लिहिलेलं असतं, मग ज्याचा लॅपटॉप जलद, त्याची गाडी जलद! पहिल्या दिवशी काळाचा तुकडा पक्का करा, ही माझी कळकळीची विनंती. आमच्या कामात गाडीचं नियंत्रण करणारा एखादा छोटा संगणक, म्हणजे कंट्रोलर, चाचणीत एकदाच चुकतो आणि पुन्हा म्हणून चुकत नाही. तो क्षण जसाच्या तसा परत उभा करता आला तरच दोष सापडतो.

मालिकांकडे येते. ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. माणसं एका ठिकाणी विरघळून दुसरीकडे प्रकट होतात, ती तिची सगळ्यांत गाजलेली कल्पना. ती आली पैशाच्या टंचाईतून. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं. १९८७ मध्ये आलेल्या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतही तेच झालं. शेकडो बटणं आणि दिवे बसवण्याऐवजी मायकल ओकुडा यांनी काळ्या सपाट पट्ट्यांवर रंगीत आकृत्या छापून मागून उजेड सोडला. खर्च वाचला. आणि बटणं म्हणजे नुसतं चित्र असेल तर ती कामाप्रमाणे बदलता येतील, हा विचार प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आला. टचस्क्रीनचं मर्म तेच आहे.

पण त्याच मालिकेत मला नेहमी एक गोष्ट खटकते. अधिकारी हातात चपटी पाटी घेऊन वाचतात, अगदी आजच्या टॅब्लेटसारखी. आणि कामाचा ताण दाखवायचा असला की टेबलावर अशा पाट्यांचा ढीग रचलेला असतो! एक अहवाल, एक पाटी. दुसऱ्याला अहवाल द्यायचा तर पाटीच उचलून द्यायची. प्रकाशापेक्षा जास्त वेगानं जाणारं यान त्यांनी कल्पिलं, पण मजकूर आणि तो दाखवणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मजकूर एका पाटीतून दुसरीत आपोआप जाऊ शकतो, हे पडद्यावर आलंच नाही. वस्तूची कल्पना करणं सोपं असतं, कारण ती दिसते. सॉफ्टवेअरमधली कल्पना दिसत नाही. म्हणून विज्ञानकथा वस्तूंचं भाकीत छान करतात आणि सॉफ्टवेअरपाशी अडखळतात. सन्माननीय अपवाद म्हणजे २००३ मध्ये नव्यानं आलेली ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’. तिथलं जुनं युद्धयान शत्रूच्या हल्ल्यातून वाचतं, कारण त्याचे संगणक एकमेकांना जोडलेले नसतात. नेटवर्क जोडल्यानं आपण काय गमावतो, यावर अख्खी कथा उभी केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

खेळ आणि मालिका बाजूला ठेवून एक निखळ उदाहरण देते. ऑक्टोबर १९८६. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून ४०० यार्डांवरचं बर्कलीचं विद्यापीठ. दोघांमधला इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला. तारा धडधाकट होत्या. झालं असं की माहितीची पाकिटं (संगणक माहिती ज्या छोट्या तुकड्यांत पाठवतात ते) पोचेनात, म्हणून प्रत्येक संगणक ती पुन्हा पाठवायचा, त्यामुळे गर्दी आणखी वाढायची. आपल्या विद्यापीठ चौकासारखंच. तिथं आपण पूल बांधला, २०२० मध्ये पाडला, पुन्हा दुमजली उभारायला घेतला. व्हॅन जेकबसन यांनी तार रुंद केली नाही. पाठवणाऱ्याचे नियम बदलले : सुरुवात थोड्यापासून करा, पोच येईल तसं वाढवा, पाकीट हरवलं तर गर्दी झाली असं समजून लगेच हात आखडता घ्या. त्यांचा लेख १९८८ चा. तेच संगणक, त्याच तारा, आणि इंटरनेट सावरलं. माझी कसोटी मी याच घटनेवरून शिकले.

आपल्या दाराशी घडलेलं उदाहरण म्हणजे भारतीय लिप्यांचं. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं हे काम १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आलं, जिस्ट या नावानं. ‘तर्क’, ‘चक्र’ आणि ‘ट्रक’ लिहून बघा. र तिन्हीकडे आहे, एकदा डोक्यावर, एकदा काठीला चिकटलेला, एकदा खाली टोपीसारखा. टाइपरायटरच्या पद्धतीनं हे तीन वेगळे तुकडे साठवावे लागायचे. इथं ठरलं की मेमरीत फक्त र आणि हलन्त ठेवायचा, आकार काढायचं काम पडद्याचं. शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिप्यांचा वर्णक्रम एकच, म्हणून संकेतही एकच आणि कीबोर्डही एकच. मराठीत टाइप केलेला शब्द कन्नडात किंवा बंगालीत दाखवता येऊ लागला. हा इस्की संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला आणि युनिकोडमधल्या आपल्या लिप्यांची मांडणीही त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. फोनवर तुम्ही मराठीत लिहिता तेव्हा ती मांडणी वापरता. पुण्याच्या संगणकांचा विषय निघाला की लोक १९९१ च्या ‘परम ८०००’ची आठवण काढतात. महासंगणकाचा अभिमान मलाही आहे, पण जिस्टचा जास्त आहे.

माझी कसोटी एका ठिकाणी अपुरी पडते, तेही सांगायला हवं. काही कल्पना यंत्राच्या आधी जन्मतात आणि वाट बघत बसतात. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया असलेल्या न्यूरल नेटवर्कला शिकवण्याची जी पद्धत आज सगळीकडे आहे, तिच्यावरचा गाजलेला लेख १९८६ चा आहे. ती फळाला यायला पुढची यंत्रं यावी लागली. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेला सोनीचा ‘सोफी’ हा गाडी चालवायला शिकलेला प्रोग्रॅम घ्या. ‘ग्रान टुरिस्मो’ या रेसिंग गेममध्ये त्यानं अव्वल खेळाडूंना हरवलं. प्रचंड यंत्रबळ लागलं, हे खरं. तरी त्यात मला भावलेला भाग वेगळा आहे : दुसऱ्याच्या गाडीला धक्का न देता, पण घाबरून मागेही न राहता ओव्हरटेक करणं, ही सभ्यता बक्षीस आणि दंडाच्या हिशेबात कशी लिहायची? ते काम माणसांनी केलं आणि यंत्रं काढून घेतली तरी ते उरतं.

तुमच्यापैकी कुणाला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधायचा असेल तर पेशवे दफ्तरात एकदा जाऊन या. तिथं मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत आणि ते वाचू शकणारी माणसं मोजकी आहेत. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, त्यामुळे वाचलेलं साठवायचं कसं हे सुटलंय. वाचायचं कसं, हे अवघड आहे. लेखणी न उचलता ओळ लिहीत जायची, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि मशीनला शिकवायला बिनचूक वाचलेले नमुने थोडे. मोठं मॉडेल आणून त्यावर कागद ओतले तर काय होईल याचा अंदाज करता येतो. थोड्या नमुन्यांत काम भागेल अशी रीत हवी. कदाचित मोडी वाचक अक्षर ओळखण्याआधी कागदाचा मायना बघतात, पत्र कुणाचं, कुणाला, हे ताडतात आणि मग पुढचे शब्द अपेक्षेनं वाचतात, त्यातून काही मिळेल. एखाद्या जाणकाराच्या शेजारी बसा, तो कुठे अडतो आणि कुठे मागे जाऊन पुन्हा वाचतो याची नोंद करा. सुरुवातीला संगणक उघडायचीही गरज नाही.