पहिला रुग्ण

मार्च 1948. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ, बंडूराच्या मनोरुग्णालयात डॉ. जॉन केड एका 51 वर्षांच्या माणसाला लिथियम द्यायला सुरुवात करतात. पाच वर्षं हा माणूस उन्मादात, म्हणजे मन बेसुमार चढलेल्या अवस्थेत आहे. काही आठवड्यांत तो निवळतो. जुलैत घरी जातो, जुन्या कामावर रुजू होतो. मग औषध सोडतो, आणि जानेवारी 1949 मध्ये पुन्हा रुग्णालयात येतो. 1950 मध्ये तो जातो, तेही लिथियमच्याच विषबाधेनं.

बायपोलर म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार. त्याच्या या औषधाची दोन्ही संकटं पहिल्याच रुग्णाच्या वाट्याला आली.

पहिलं संकट औषध सोडण्याचं. ‘आता बरा आहेस ना, मग गोळ्या कशाला?’ हे रुग्णाला घरचेच विचारतात. तो बरा आहे तो गोळ्यांमुळे, आणि लिथियम अचानक तोडलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. कुणी सहसा बोलत नाही असं आणखी एक कारण आहे: काहींना त्या तेजीच्या दिवसांची ओढ असते. गोळी घेतली की सगळं बेचव वाटतं. हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगावं. डोस बदलता येतो.

दुसरं संकट प्रमाणाचं. केड यांच्याकडे रक्तातली पातळी मोजायची सोय नव्हती, आज आहे. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त द्यायचं. पातळी साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर असावी, 1.5 च्या पुढे विषबाधेची भीती. फरक इतकासाच. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात. म्हणून विदर्भातला मे महिना, जुलाब, निर्जळी एकादशी आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन, या सगळ्यांशी जपून. हात जोरात थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली, तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल.

आणि झोप. उन्मादाआधी झोप कमी होते. उलट, जागरणानंही उन्माद ओढवतो. लग्नघरात सगळेच जागतात आणि दुसऱ्या दिवशी आडवे होतात. बायपोलर असलेला मात्र तीन तास झोपून टवटवीत, नव्या धंद्याचे बेत सांगत फिरतोय. मावशी कौतुकानं म्हणते, ‘किती उत्साही झालाय!’ डॉक्टरांना फोन करायची वेळ हीच. नैराश्याच्या फेऱ्यात नुसती नैराश्याची गोळी घेतली तर तीही काहींना उन्मादात ढकलते. जुना इतिहास प्रत्येक डॉक्टरला सांगायचा तो यासाठी.

उन्माद चढल्यावर वाद घालून काही हाती लागत नाही. बरं असतानाच ठरवायचं: एटीएम कार्ड कुणाकडे द्यायचं, फोन कुणी करायचा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर उपचार कसे हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.