आधी बैठक, मग बाग

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांमध्ये गर्दी उसळते. फुललेला मोगरा पाहून मोगरा घेतला जातो, शेजारी जास्वंद दिसली म्हणून जास्वंद घेतली जाते, आणि घरी आल्यावर या साऱ्या कुंड्या गच्चीच्या कठड्यालगत एका रांगेत उभ्या केल्या जातात. झाडे जगतात, फुलेही येतात, परंतु संध्याकाळी तिथे जाऊन बसावे असे घरातल्या कोणालाही वाटत नाही, कारण त्या बागेत माणसाला जागाच ठेवलेली नसते. ज्यांना भाजी पिकवायची आहे किंवा दुर्मीळ झाडे जमवायची आहेत, त्यांची गोष्ट वेगळी; पण दिवसभराच्या कामानंतर घटकाभर निवांत बसता यावे म्हणून ज्यांना अंगण, गच्ची किंवा बाल्कनी सजवायची आहे, त्यांनी आधी बसण्याची जागा ठरवावी आणि झाडांचा विचार त्यानंतर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसण्याची जागा ठरवते ती मुख्यतः उन्हाची चाल. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. जूनमध्ये तो मावळतोही ऐन पश्चिमेला नव्हे, तर तिथून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून. उत्तरेकडची बाल्कनी बारमाही सावलीची असते अशी समजूत करून घेणाऱ्यांना उन्हाळ्यात सायंकाळी तिथे तिरपे ऊन आलेले पाहून आश्चर्य वाटते, त्याचे कारण हेच. याउलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. म्हणजेच, वर स्लॅब असलेल्या दक्षिणमुखी बाल्कनीत थंडीच्या दिवसांत ऊन आतपर्यंत येते आणि उन्हाळ्यात भर दुपारीही ते बाहेरच राहते. दक्षिण दिशेचे नाव काढताच नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र बारा महिने बसण्यासाठी याहून सोयीची जागा माहीत नाही.

खरी अडचण पश्चिमेची असते. तिथली भिंत आणि फरशी दुपारभर तापते आणि सूर्य मावळल्यानंतरही कितीतरी वेळ उष्णता सोडत राहते, त्यामुळे केवळ डोक्यावर छत घालून भागत नाही. उन्हाला बाजूनेच अडवावे लागते. बांबूचा पडदा किंवा जाळीवर चढवलेली वेल हे काम उत्तम करते. वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडण्याची जुनी पद्धत तर कोरड्या हवेच्या विदर्भ-मराठवाड्यात आजही अतिशय उपयोगी आहे. कोकणात मात्र हवाच दमट असल्यामुळे तिचा फारसा लाभ होत नाही. तिथे वारा खेळता ठेवणे अधिक महत्त्वाचे.

आता प्रत्यक्ष बैठकीविषयी. दुकानात बागेसाठी म्हणून मिळणाऱ्या खुर्च्या दिसायला देखण्या असतात, पण आपल्याला मांडी घालून बसण्याची सवय आहे आणि त्या अरुंद खुर्च्यांवर ती घालता येत नाही. त्याऐवजी भिंतीला लागून सुमारे दीड फूट उंचीचा आणि निदान दोन फूट रुंदीचा ओटा बांधून घेतला, तर त्यावर पाय सोडून बसता येते, मांडी घालता येते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना गुडघ्यांना त्रास न होता उठताही येते. मागे भिंत आणि समोर मोकळा भाग, अशीच बैठक असावी. पाठीमागून कोणाची तरी ये-जा चालू असेल, तर माणूस तिथे सैलावून बसत नाही. झोपाळा हवा असेल तर त्याच्या कड्या तुळईतच बसवून घ्याव्यात आणि तो झुलण्यासाठी पुढे-मागे पुरेशी जागा सोडावी. अरुंद बाल्कनीत झोपाळा टांगला की तिथे दुसरे काहीच करता येत नाही.

बैठकीवरून काय दिसते, हेही तपासून पाहावे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे. मूळ कोराकुएनमध्ये बागेबाहेरचा किल्ला आणि पलीकडच्या टेकड्या बागेच्याच दृश्यात सामावून घेतल्या आहेत. हीच युक्ती आपल्याला चौथ्या मजल्यावरही करता येते. शेजारच्या आवारात गुलमोहर असेल, तर बैठक त्याच्याकडे तोंड करून मांडावी आणि त्याच्या आड येणारी कुंडी हलवावी. समोर पाण्याची टाकी किंवा वातानुकूलन यंत्रांची रांग असेल, तर तेवढ्याच भागापुढे उंच, दाट पानांचे झाड ठेवावे. सगळीकडून हिरवी भिंत उभी करण्याची गरज नसते.

गच्चीबाबत एक गोष्ट थोडी कठोरपणे सांगावी लागेल. येण्याजाण्यासाठी वापरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकांनुसार साधारणपणे प्रत्येक चौरस मीटरला दीडशे किलो भार धरला जातो. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर त्याच एका चौरस मीटरवर पाचशे किलोंच्या पुढे जातो. तेव्हा गच्चीवर विटांचे वाफे करून त्यात माती भरण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. अन्यथा हलक्या कुंड्या वापराव्यात, जड कुंड्या तुळया आणि खांब असतील तिथेच ठेवाव्यात आणि मातीचे प्रमाण कमी करून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व पालापाचोळ्याचे खत वाढवावे. प्रा. श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाने शहरी शेतीचा जो विचार मांडला, त्यातही पालापाचोळ्यापासून घरीच माती तयार करण्यावर भर होता. कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवल्या, तर खालून पाणी वाहून जाते आणि गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे गळती रोखण्यासाठी घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर, ओल साचून राहत नाही.

झाडे मोजकीच असावीत आणि त्यांतील निदान दोन संध्याकाळची असावीत, कारण बहुतेकांना बसायला वेळ मिळतो तो संध्याकाळीच. पश्चिम महाराष्ट्रात उन्हाळ्यातला सायंकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणून मोगरा बैठकीच्या पश्चिमेला ठेवला, तर त्याचा सुगंध आपल्यापर्यंत येतो, आणि पूर्वेला ठेवला तर तो शेजाऱ्यांना मिळतो. रातराणी मात्र थोडी दूरच बरी. तिचा उग्र दरवळ जवळून अनेकांना सोसवत नाही. पश्चिमेच्या जाळीसाठी मधुमालतीसारखी वेल नाही. तिची कळी सायंकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी ते फूल गुलाबी होते आणि पुढे लालभडक, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंगांची फुले लोंबताना दिसतात. तिचा पसारा मोठा असल्याने वर्षातून एकदा कसून छाटणी करण्याची तयारी हवी. अंगण असेल तर पारिजातक लावावा, पण फरसबंदी केलेल्या किंवा सारवलेल्या भागाच्या कडेला, म्हणजे पहाटे पडणारी फुले चिखलात न जाता वेचता येतात. घरात लहान मुले असतील तर कण्हेर आणि बिट्टी ही दोन्ही विषारी झाडे बैठकीजवळ लावू नयेत.

पाण्याचे छोटे कुंड अनेकांना हवे असते. त्यात कमळ लावायचे तर दिवसातून पाच-सहा तास ऊन लागते, आणि डास होऊ नयेत यासाठी गप्पी मासे सोडावे लागतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून, त्या घासून कोरड्या कराव्यात, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासूनची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. दिवा लावायचा तर तो पिवळसर, मंद आणि गुडघ्याच्या उंचीवर असावा. डोक्यावरच्या पांढऱ्याशुभ्र दिव्याभोवती पावसाळ्यात एवढे किडे जमतात की बसलेली माणसे आत निघून जातात.

फरशीबद्दल एवढेच, की गुळगुळीत टाइल पावसात घातक ठरते. खरबरीत शहाबादी किंवा कोकणातला जांभा चांगला, मात्र जांभ्यावर धरणारे शेवाळ पावसाळ्यात अधूनमधून खरवडावे लागते.

खरेदीची घाई करू नये. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस होऊ द्यावेत, गच्चीवर पाणी कुठे साचते तिथे खडूने खूण करावी आणि उतार आधी दुरुस्त करून घ्यावा. त्याच आठवड्यात एक साधी सतरंजी घेऊन सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून पाहावे. घरातील माणसे न सांगता ज्या कोपऱ्यात येऊन बसू लागतील, तिथे ओट्याची जागा आखावी, आणि मग रोपवाटिकेत जाताना तीन-चार झाडांचीच यादी सोबत न्यावी.